ताईचा श्वास

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये गाण्यांच्या तबकड्या कोरणारा लॅसेल्स म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, आवाज वाढव. हा म्हणायचा, "सगळंच मोठं केलं तर मोठं काय उरलं, कपाळ?" आयुष्यभर हीच हुज्जत. पण त्या रविवारी हुज्जतीला समोर त्याचा मेहुणा क्लोव्हिस होता, आणि टेपवर होती इसिल्डा. लॅसेल्सची थोरली बहीण, क्लोव्हिसची बायको. ईस्टरच्या आधी गेली बिचारी.

टेप इतकी जुनी, की फिरताना तिची तपकिरी पूड पडत होती. अजून एकदा चालली तर नशीब. कोरी तबकडीही एकच शिल्लक.

"भाऊजी, ताई आधी श्वास घेते, मग हळू गाते. ते मी हळूच ठेवणार."

"अरे बाबा, संध्याकाळी मैदानात माझ्या भोंग्यांचा ब्रिग्जच्या भोंग्यांशी सामना आहे. लोक हसतील. वाढव."

"वाढवलं की टेपची खरखरही वाढेल, श्वास तिच्यात बुडेल. वर बासचा जड ठोका आला की सुई खाचेतून उडेल."

तरी क्लोव्हिसचा हात बटणाकडे गेलाच. लॅसेल्सने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने यंत्र चालू केलं. आता थांबवायची सोय नव्हती. बास आला, सुई थरथरली, पण खाचेतच राहिली. लॅसेल्सचा सदरा घामाने भिजला होता.

"तबकडीवरची लाख मऊ आहे," तो म्हणाला. "दर वेळी झिजणार, आणि आधी श्वासच जाणार. एकदाच वाजवा. ताईची शपथ."

क्लोव्हिसने शब्द दिला.

संध्याकाळी ताईने श्वास घेतला आणि भरलेलं मैदान गप्प झालं. मग बास असा कोसळला, की लोक पत्र्याच्या कुंपणावर हात आपटायला लागले. पुन्हा, पुन्हा. पत्रा वाजला की गाणं पहिल्यापासून लावायचं. नाही लावलं तर हरलात.

लॅसेल्स गर्दी रेटत पुढे घुसला. "शब्द दिलायत, भाऊजी."

"दिलाय रे. पण पुन्हा गा म्हटल्यावर तुझी ताई कधी नाही म्हणाली होती का?"

लॅसेल्सने पुढे केलेला हात मागे घेतला. क्लोव्हिसने सुई ठेवली. श्वास आला, जरा बारीक. तिसऱ्यांदा आणखी बारीक. लॅसेल्स कुंपणापाशी गेला आणि रडत रडत, सगळ्यांपेक्षा जोरात, पत्रा बडवू लागला.