मागच्या दाराची मॅकरोनी

“ए पोरी, तू त्या ढिवरणीची ना? इकडून कुठं घुसून राहिली? मांगच्या दाराले जा!”

हॉटेलमालक गल्ल्यावरून ओरडला. माझ्या दोघी मैत्रिणी पुढं टेबलाशी पोचल्या होत्या. मी दारातच थिजले.

ऐंशीनंतरची गोष्ट. भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होते. हायवेवर नवं हॉटेल निघालं होतं. तिथं इटालियन जेवण मिळतं म्हणून गावभर बोलबाला. माधुरी जवळच्या वरठी गावातल्या एका साहेबाची मुलगी. स्वतःचा वाढदिवस म्हणून तिनं आम्हा दोघींना नेलं. आम्ही ढिवर, मासे धरून विकणारे; त्याच हॉटेलात माझी माय मासोळ्या द्यायची. माधुरीला ते माहीत होतं.

“ती माझ्याबरोबर आहे,” माधुरी म्हणाली.

“तुम्ही बसा ना, बेबी. हिच्या अंगाले वास येते. बाकीचे लोक उठून जातील.”

सकाळी डोक्यावरून न्हाले होते मी. नवा ड्रेस होता. पण लोक वळून बघू लागले तसा मलाच माझा वास येऊ लागला.

माधुरी जवळ आली. हळूच म्हणाली, “तू मागं बसून खाऊन घेशील का? प्लेट पाठवते. आम्ही लवकर आटपतो.”

मी गेले.

मागं मोरी. खरकट्या भांड्यांजवळ माय मासोळ्यांची टोपली घेऊन, कुणी तोलून घेईल म्हणून बसलेली. आचाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पोचे आलेल्या ताटलीत मॅकरोनी आणून ठेवली. आतून हसण्याचा आवाज.

मी न सांगताच मायनं ओळखलं. म्हणाली, “खाऊन घे बाई. अन्नावर राग नोको काढू.”

घास उचलला. परत टाकला. ताटली खाली ठेवली. मायची टोपली डोक्यावर घेतली आणि वळसा घालून समोरच्या दारानं आत शिरले. थेट टेबलांमधून. मासोळ्यांचं पाणी फरशीवर गळत होतं.

“मासोळ्या पाह्यजेत ना? मंग इथंच तोला!” मी ओरडले.

मालकानं दंड धरून बाहेर ढकललं. टोपली पायरीवर उपडी झाली. माधुरी खाली मान घालून बसून राहिली.

माय धुळीतल्या मासोळ्या वेचत होती. रडत होती. “काहून केलं असं? आता कोणाले देऊ ह्या?”

ते गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. माय उन्हात दारोदार फिरली. मला काहीच करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माधुरीनं वर्गात शेजारी जागा धरली. मी बसले नाही.

जिथं मायला समोरून जाता येत नाही, तिथं मी मागूनही जाणार नाही. उपाशी राहीन.