गुरुवारचा वळसा

मालिनीने शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण कोल्हापूरपलीकडे ती कधी गेली नाही. नवरा राजाभाऊ गेल्यावर तिने एक वही आणली आणि घरात बसून रेल्वेने पोर्तुगाल फिरायला लागली. पाव, काजू हे शब्द जिथून गलबतांनी आपल्याकडे आले, ती जुनी गावं तिला चालून पाहायची होती, आणि तिथे जे शिजतं ते तिथेच बसून खायचं होतं.

दर दिवसाला एक पान. गाडी कितीला सुटते, स्टेशनातून जुन्या गावात चढ किती, जेवायला काय. वर कोपऱ्यात वार. राजाभाऊंच्या दुखण्यात तिने गुरुवार धरला होता. राजाभाऊ राहिले नाहीत, गुरुवार राहिला. म्हणून पोर्तोची भाजलेली तारली रविवारी, लिस्बनचे मासे बुधवारी. लिस्बनहून एव्होराला जाताना वाटेतच सेतूबालचा फाटा लागतो. ते बंदर, तिथलं तळलेलं माकुल नावाजलेलं. पण तो दिवस येत होता गुरुवार, मासळी वर्ज्य. तेव्हा गुरुवारी थेट एव्होरा: रोमन देवळाचे खांब, मेंढीचं चीज, ऑलिव्ह, पाव. सेतूबाल शुक्रवारी, मागे फिरून.

सोबत दर्शना येणार होती. शाळेच्या ऑफिसात होती, तेव्हापासूनची मैत्रीण. तिला सगळे वार सारखेच. तुझ्या गुरुवारापायी मला तिकडेही घासफूस खायला लावशील, असं ती चिडवायची. एप्रिलमध्ये तिने वही नेली. मुलगा अनिश तिकिटं काढेल म्हणाली. जूनमध्ये म्हणाली, व्हिसाचं यंदा कठीण दिसतंय, पुढच्या वर्षी नक्की. सप्टेंबरात ती अनिशकडे पुण्याला म्हणून गेली, ती महिनाभर आली नाही.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी महिला मंडळाची बैठक होती. मालिनी त्या दिवशी लांज्याला बहिणीकडे जायची होती, तसं तिने मंडळात कळवलंही होतं. बहीणच आजारी पडली आणि जाणं राहिलं. ती उशिरा पोचली. फळ्यावर लिहिलं होतं: ‘आमचं पोर्तुगाल’. पुढे दर्शना बोलत होती आणि भिंतीवर फोटो सरकत होते. अनिश, सून आर्या, मध्ये गॉगल लावलेली दर्शना.

मालिनी मागच्या खुर्चीवर बसली. आधी तिला वाटलं, पोर्तुगालला कोणीही जाऊ शकतं. मग गावं एकामागून एक येऊ लागली, आणि पुढचं नाव तिला दर्शनाच्या आधी कळू लागलं.

नकाशा आला तेव्हा बँकेतल्या मनस्वीने विचारलं, “काकू, सेतूबाल तर वाटेवरच होतं. पुढे जाऊन परत मागे कशाला आलात?”

दर्शना अडखळली. अनिशने आखलं होतं, असेल काही, म्हणाली.

“गुरुवार होता,” मालिनी मागून म्हणाली.

बायका हसल्या. “दर्शनाचा कसला गुरुवार?” गंगुबाई म्हणाल्या. “मागच्याच गुरुवारी हिच्याकडे बांगड्याचं कालवण जेवल्ये मी.”

दर्शना हसली नाही. तिने मागे पाहिलं, आणि पुढचा फोटो बराच वेळ आलाच नाही.

चपला घालताना ती मालिनीजवळ आली. “तुझे गुडघे, मालू. तिथे नुसते चढ. आणि अनिश म्हणाला, घरचे तिघंच जाऊ. सांगणार होते मी तुला.”

“चढ मी मोजलेत,” मालिनी म्हणाली. “वही दे.”

वही दर्शनाच्या पिशवीतच होती. तिच्यातूनच ती वाचत होती.

घरी येऊन मालिनीने वही उघडली. पानापानावर आर्याने निळ्या पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या, जशा मालिनी मुलींच्या वह्यांवर करायची. शुक्रवारच्या पानावर तेलाचा डाग होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘मस्त’. कोणीतरी आपल्या ताटातलं खाऊन ताट परत मांडावं, तसं तिला झालं. वही तिने कपाटात अगदी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी वही आणली. सेतूबाल गुरुवारीच करावं, त्यांचा रस्ता मोडावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण वळसा त्यांचा नव्हताच. तो राजाभाऊंपायी घेतलेला होता, आणि तोही दर्शनाला देऊन टाकायचा तर मग उरलं काय?

तिने लिहिलं: गुरुवार, एव्होरा. शुक्रवार, मागे फिरून सेतूबाल.

जुन्या वहीत ‘माणसं’ असं लिहून पुढे तिने दोनचा आकडा घातला होता. इथे एकचा घातला, आणि पान उलटण्याआधी शाई वाळू दिली.