आढ्यावर राहिलेलं काम

भुतंखेतं, चकवा, हडळ… असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर यथेच्छ टर उडवली आहे. सरकारी नोकरीत उभी हयात घालवलेला माणूस मी. रजिस्टरात असेल तेच खरं, असा माझा खाक्या. तेव्हा या मासिकाच्या वाचकांनी आता माझी टर उडवली तर तक्रार नाही.

त्या साली जिल्ह्याच्या तुरुंगात कैदी इतके झाले होते, की झोपायलासुद्धा पाळ्या लागत. मग ऑर्डर निघाली — किरकोळ गुन्ह्याचे कैदी बाहेर हलवा. कर्जतच्या पुढं, पळसदरीजवळ घाटाच्या पायथ्याशी, आगगाडीच्या कामावरच्या मजुरांच्या जुन्या बराकी ओस पडल्या होत्या. तिथं तीसेक कैदी आणले, आणि त्यांच्यावर जमादार म्हणून मला. भिंत नाही, कुंपण नाही. पायात बेड्या आणि दिवसभर दोर वळायचं काम. खरं सांगतो, तुरुंगापेक्षा माणसं तिथं सुखात होती. निदान वारा होता, आभाळ दिसत होतं.

त्यांतला गोमा खालापूरकडच्या एका वाडीचा. घराला वासे हवेत म्हणून राखीव रानातली झाडं तोडली, त्याची सहा महिने सजा. सुटायला महिना उरला होता. वैशाखाच्या शेवटी एका सकाळी तो माझ्यापुढं येऊन बसला.

"जमादारसायेब, एक दिस सोडा. बायको बाळतीन हाय. पेंढा अंगनात रचलाय, पन घर उघडंच हाय. पानी आलं तं पोर भिजंल."

"गावात दुसरं कुणी नाही का?"

"चोराच्या घरावर कोन चढंल, सायेब?"

वर अर्ज पाठवणं माझ्या हातात होतं. पण कोण कागद काळे करत बसणार, या आळसापोटी मी "कायदा म्हणजे कायदा" असं ठणकावून त्याला वाटेला लावलं. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तो मुकाट्यानं करंजाच्या झाडाखाली दोर घेऊन बसला. माझी खुर्ची दहा हातांवर. आता हा पळणार, या धास्तीनं मी त्याला क्षणभरही नजरेआड केलं नाही. थोड्या वेळानं त्याचे हात थांबले. डोळे उघडे — पण बघत कुठंच नव्हता. बोटं तेवढी मांडीवर गाठी मारल्यासारखी हलत होती. म्हटलं, बिचाऱ्यानं मनाला लावून घेतलंय, बसू दे. उन्हं कलली तरी तसाच, तेव्हा मात्र मी खेकसलो, "गोमा! ऊठ!" तो केवढ्यानं तरी दचकला… अंग घामानं निथळत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याच्या गावचा पाटील तणतणत आला.

"काय जमादार, कैदी मोकळे सोडता व्हय? तुमचा गोमा काल दिसभर घरावर व्हता. आख्ख्या गावानं बगितला!"

गोमाचा चेहरा पांढराफटक पडला. पळाल्याचं शाबीत झालं असतं तर त्याची सजा वाढली असती. माझी नोकरी गेली असती ते वेगळंच. कैद्यांवर शिपाई बसवून मी पाटलाबरोबर तीन कोस चालत गेलो.

घर शाकारलेलं होतं! नीट अंथरलेला पेंढा, घट्ट गाठी. फक्त आढ्यावरचा हातभर रुंदीचा पट्टा उघडा होता. गोमाची बायको चांगुणा पोर छातीशी धरून दारात उभी होती.

"त्यांनीच केलं, सायेब. मी हाका मारल्या तं खाली बगितलं नाय, पानी पन घेतलं नाय. उनं कलली तवा दचकलं… कुनीतरी वरडल्यावानी. मंग वर कोनच नाय."

ओरडलो मी होतो. आणखी अर्धा तास तोंड बंद ठेवलं असतं तर…

पाटलाला सांगितलं, कैदी काल दिवसभर माझ्यासमोर होता आणि तसाच रिपोर्ट जाईल. ते खोटं नव्हतं.

"मंग वर कोन व्हतं?" पाटील म्हणाला.

इतकी वर्षं डोकं खाजवून झालं.

मग मी पागोटं काढून ठेवलं, शिडी मागवली आणि चढलो. जन्मात कधी पेंढ्याला हात लावला नव्हता. चांगुणा खालून सांगत होती, "सायेब, ती गाठ उलटी बसली, सोडा ती." अंगणात जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाकीचं छप्पर कुणी शाकारलं, देव जाणे. आढं मी शाकारलं.