गोवर्धनकाकांचं भक्कम गेट

आमचे गोवर्धनकाका न्हावा शेव्याच्या बंदरातून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. नळाचा वॉशर बदलायला माणूस बोलावणाऱ्या आम्हा पुतण्यांचा त्यांना भयंकर राग.

कामोठ्यामागे त्यांची छोटी वाडी आहे. हिवाळ्यात तिथे वाल पिकतो. त्याच शेंगा आणि कोंबडी मडक्यात भरून, वर जाळ करून आमची पोपटी लागते. यंदा वाडीच्या लोखंडी गेटची बिजागरी तुटली आणि शेजाऱ्यांची म्हैस शेंगांवर ताव मारू लागली. वेल्डर रोज फोनवर "उद्या येतो" म्हणायचा.

"त्याची वाट बघत बसलो तर यंदाची पोपटी म्हैसच खानार!" काका भडकले. मशीन भाड्यानं आणलं, भंगार पत्र्यावर हात बसवला आणि रविवारी काळ्या काचेचा मुखवटा चढवून बाहेरून गेटला भिडले. त्या काचेतून ठिणगीशिवाय काही दिसत नाही. बिजागरी, कडी, खांब, हाताला लागेल ते लोखंड त्यांनी एकमेकांना चिकटवून टाकलं.

मग मुखवटा वर करून त्यांनी गेटला लाथ घातली. गेट ढिम्म.

"आता म्हैसच काय, हत्ती आला तरी हलनार नाय!"

जमुनाकाकू कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "ते खरं. पन म्हैस आत हाय."

शेवटी तिला बाहेर काढायला बाजूचं कुंपण तोडलं. आता सगळे तिथूनच ये-जा करतात. म्हैससुद्धा.