दांड्याला न लावलेला हात

गोबनेट टूमीच्या हातचं लोणी तुम्ही शेवटचं कधी खाल्लंत? आठवा जरा. सात वर्षं झाली. त्याआधी तिच्या दारात रांग लावणारे तुम्हीच होतात.

एक खोली, एक गाय, आणि गावात कुणी गेलं की त्याला धुऊन चांगले कपडे चढवायचं काम. एवढ्यावर ती जगत होती.

त्या मार्चमध्ये म्हातारा कॉन रिअर्डन गेला. त्याला धुता धुता गोबनेट चादर मागायला जुडी हार्नेटकडे आली. मी तिथेच होते. जुडीची घुसळण चालली होती. अशा वेळी घरात पाऊल टाकणाऱ्यानं डेऱ्याच्या दांड्याला हात लावायचाच, नाहीतर लोणी त्याच्यामागून निघून जातं. आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक.

गोबनेट दारातच थबकली. हात शालीखाली.

"दे की गं चार हिसके," जुडी म्हणाली. "का कॉननं सगळा जोर काढून घेतला? जिवंतपणी मेल्याला एवढी सेवा कुठली मिळायला!"

गोबनेट हसली. "आज नको, बाई. चादर तेवढी दे."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मेलेल्याच्या तोडलेल्या हातानं दूध ढवळून लोणी पळवतात म्हणता ना? मग मयताला लावलेला हात तिच्या दुधाला कसा लावू? उद्या माझ्याच नावानं बोंब."

दुपार झाली तरी लोणी येईना. दूध फारच गार होतं, अशात लोणी लवकर धरत नाही; मी बोट बुडवून पाहिलं होतं. तसं बोललेही.

"चार पेपर वाचलेस म्हणून दूध कळतं होय तुला?" जुडीचा नवरा थेड खेकसला. गेलेलं लोणी परतावं म्हणून त्यानं डेऱ्याखाली गाढवाचा नाल ठेवला, चुलीत चिमटा लाल केला. काही नाही. मग थेडनंच विचारलं, "शालीखाली काय होतं तिच्या?"

रविवारपर्यंत गावाच्या तोंडी त्या शालीखाली कॉनचा तोडलेला हात होता! अरे, दोन्ही हातांना जपमाळ गुंडाळून कॉन पेटीत निजला होता. तुम्हीच रांगेनं पाहिलंत ना?

त्यानंतर तिचं लोणी कुणी घेतलं नाही, मयताला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात गाय विकली गेली.

तिच्यासाठी मी चर्चच्या दारात भांडले, बाजारात भांडले. पण यंदा मेच्या पहिल्या सकाळी तिची चूल विझली आणि ती माझ्या दारी निखारा मागायला आली. त्या दिवशी विस्तव घराबाहेर दिला, की वर्षाचं लोणी जातं म्हणतात. मी आत उभी होते. तिनं तीनदा कडी वाजवली. मी दार उघडलं नाही.

काल ती गेली. अर्धं गाव जिनं धुतलं, तिला धुवायला मी एकटी होते. चूल गारच होती.

पेटीला चार खांदे लागतात. एक माझा. उद्या सकाळी दहाला तिघं तरी या.