आजार नसताना घ्यायची गोळी

कुंभकोणमच्या बसस्टँडमागे आमच्या संस्थेची एक खोली आहे. धंदा करणाऱ्या बायकांना तिथे एचआयव्हीपासून वाचवणारी गोळी मिळते. आजार व्हायच्या आधीच, रोज एक घ्यायची. मी तिथली समुपदेशक, म्हणजे खरं तर "गोळी घेतलीस का?" एवढंच विचारत वर्षं घालवलेली बाई. उत्तरं मला पाठ झाली आहेत. मळमळतं. विसरले. घरात कुणीतरी बघितलं असतं. कुणावर चिडावं असं त्यात काही नसतं, आणि त्यानेच जास्त थकायला होतं.

त्यांतली एक नाचियारकोविलहून यायची. घरी सांगितलेलं, रेशमी साड्यांच्या दुकानात कामाला जाते. नवरा लॉरीवर, महिनोन् महिने बाहेर. घरात सासू, पितळी समयांना घासून चकाकी आणायचं काम करणारी. एकदा मी फोनवर माझ्या आईशी आमच्या तंजावुरी मराठीत बोलत होते, तर बाकावर बसलेली ती ताडकन उठून बाहेर गेली. तिचं माहेर आमच्यातलंच निघालं. आमची माणसं इथे थोडी. कोण कुणाची, ते कळायला वेळ लागत नाही.

"अक्का, कोणाला सांगूं नका," ती दारातूनच म्हणाली. मी सांगणार नव्हतेच. पण तिला ते पटायला बराच काळ गेला.

सुरुवातीची मळमळ सरली आणि तिला गोळी सोसली. बाटली खुळखुळते म्हणून तिने आत कापूस कोंबला होता. घरी विचारलंच तर थायरॉइडची, असं ठरलं होतं. सगळं बरं चाललंय असं मला वाटू लागलं, तोच एका दुपारी तिचा फोन आला.

"सासूनं बाटली पाहिली. थायरॉइडची म्हटलं, तर पटलं नाही. शेजारचा एकजण सरकारी इस्पितळातून असलीच बाटली आणायचा, तो वारला. आता माझं ताट वेगळं काढलंय. अक्का, तुम्ही येऊन सांगा, मला रोग नाही म्हणून."

मी बस धरली. उन्हानं डोकं दुखत होतं. सासू ओट्यावर बसून समई घासत होती. हात कोपरापर्यंत काळे. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने मला बसायला सांगितलं, पण पाणी विचारलं नाही.

"हिला रोग नाही, अम्मा," मी तमिळमध्ये सांगितलं. "रक्त तपासलंय. रोग होऊ नये म्हणून ही गोळी आहे."

"माझ्या घरातल्या बाईला असला रोग होईलच कशाला?"

सून आजारी नाही हे पटवायचं तर तिला आजाराची भीती का, ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की तिचं घर गेलं. इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणात या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नव्हतं.

तेवढ्यात सून मला आमच्या मराठीत हळूच म्हणाली, "तुम्ही बोलूं नका. मी सांगतें." मग सासूकडे वळून तमिळमध्ये, "अत्तै, तुमचा मुलगा महिनोन् महिने रस्त्यावर असतो. तो कुठे निजतो, मला ठाऊक आहे का? तुम्हाला आहे का?"

सासूचा हात थांबला.

"त्याचा बापही लॉरीवरच होता," ती म्हणाली. मग उठून आत गेली, आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

सून मला बसपर्यंत सोडायला आली. "मी खोटं नाही बोललें, अक्का," म्हणाली. खोटं नव्हतंच. मला हायसं वाटायला हवं होतं, पण नुसतं घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

त्यानंतर सासू स्वतःची मधुमेहाची गोळी घेताना सुनेच्या हातावरही गोळी ठेवू लागली. इतकी नियमित गोळी आमच्याकडे दुसरी कुणी घेत नव्हती. मग नवरा सुट्टीवर आला. आईने त्याला बाहेरच्या बायकांवरून चांगलंच सुनावलं, आणि त्याचा राग त्याने बायकोवर काढला. बाटली गटारात गेली. तो घरी होता तोवर ती आमच्याकडे फिरकली नाही. फोन केला तर बंद.

तो गेल्यावर आली तेव्हा गालावरची सूज उतरत आली होती. पुन्हा रक्त तपासलं. निकाल येईपर्यंत दोघी बाकावर बसलो. तपासणीत काही निघालं नाही. पुन्हा गोळी, पुन्हा सुरुवातीची मळमळ.

परवा आली तेव्हा मी विचारलं, "सासूबाईंना ते साडीचं दुकान अजून खरं वाटतं?"

ती पदर सारखा करत राहिली. "दुकान कुठे आहे म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. काल निघताना म्हणाल्या, गोळी घेतल्याशिवाय बसमध्ये चढू नकोस."

ती थांबली नाही. तिची बस लागली होती.