ओनुफ्रीची बकरी चुलीवर

कोसिव गावाच्या आसपासच्या डोंगरांत यावदोखाच्या हातच्या टाइल नाहीत असं घर शोधावं लागे. पाद्रीबाबांच्या भिंतीएवढ्या उंच चुलीच्या टाइलवर हरणं, गावप्रमुखाकडं घोडेस्वार शिपाई, नव्या नवरीकडं फुलांच्या कुंड्या. लोक सांगतील ते ती रंगवी. पांढऱ्या मातीचा पातळ हात, त्यावर खिळ्यानं कोरलेल्या रेघा, मग हिरवा, पिवळा, तपकिरी. नवरा तानासी चुली बांधी आणि त्या टाइल बसवी. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पोपडे निघालेली मातीची चूल.

"आपली कधी बांधताय?" यावदोखा विचारी.

"पुढच्या उन्हाळ्यात, नक्की!"

असे कितीतरी उन्हाळे गेले. पोरं मोठी झाली, लग्नं करून खालच्या गावांत गेली. एका वसंतात तिनं काही न विचारता जुन्या चुलीवर कुदळ घातली.

"अगं, जेवण कुठं करणार?"

"अंगणात. चूल होईपर्यंत पावसात भिजत खा."

तानासी माती कालवायला बसला.

या टाइलवर काय काढायचं हे सांगणारं कुणीच नव्हतं. आधी तिला काही सुचेना. मग गावातले किस्से आठवून हसू फुटलं आणि हात भरभर चालू लागला. बर्फावरून घसरगाडीसकट नदीत गेलेली शेजारीण हाफिया. लग्नात नाचता नाचता टेबलाखाली शिरलेला वाजंत्री. फाटक्या विजारीनं बकरीमागं धावणारा शेजारी ओनुफ्री. आणि थापी हातात धरून घोरणारा तानासी.

"ही मी बसवणार नाही," तानासी म्हणाला.

"मग मी बसवते."

तिनं बसवली, तीही अगदी मधोमध.

चूल पेटली त्या दिवशी सारं गाव लोटलं. हाफियानं स्वतःला ओळखलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारात ओनुफ्री. आपण चुलीवर असल्याचं त्याच्या कानावर गेलंच होतं. रागीट म्हातारा, सगळे बाजूला सरकले. तो चुलीपुढं वाकून बघत राहिला.

"चुकलंय," तो म्हणाला. "माझ्या बकरीचं डावं शिंग मोडकं आहे."

घर हसण्यानं दणाणलं. ओनुफ्री मात्र हसला नाही. प्रत्येक टाइलवरून त्याचं बोट फिरत होतं.

"यावदोखे, आमची ओलेना कुठाय?"

ओलेना म्हणजे त्याची बायको. दोन हिवाळ्यांमागं वारलेली.

"दादा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही काढली."

"वाईट? सगळा गाव इथं शेकतोय आणि ती एकटी बाहेर? वाईट याचं वाटतं."

चूल तर भरलेली, एकही जागा मोकळी नव्हती. तानासीनं छिन्नी उचलली.

"माझी काढतो. तसाही मी घोरत नाही."

"घोरता!" हाफिया ओरडली. "आमच्या घरापर्यंत ऐकू येतं!"

नवी टाइल दोनदा भट्टीत जाऊन यायची होती. तोवर ओनुफ्री रोज कुंपणाशी येऊन सूचना देई: रुमाल लाल हवा. लाल रंग नाही? मग पिवळा चालेल. नाक जरा मोठं कर, मोठंच होतं. हातात दुधाची बादली दे, नाहीतर ती मलाच रागावेल.

भट्टी उघडली तेव्हा टाइल अजून गरम होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात दुधाची बादली, डोक्यावर पिवळा रुमाल, कुणाला तरी दटावायच्या तयारीत उभी असलेली ओलेना. ओनुफ्रीनं ती टोपीत घेतली आणि तोंड फिरवलं. मग म्हणाला, "हीच. बघ, आत्ता ओरडेल."

बसवताना त्यानं स्वतः मातीचा गोळा लावला. यावदोखानं मक्याच्या पिठाचं दाट गरगट शिजवलं, वर मेंढीचं चीज कुस्करून घातलं. ओनुफ्री चुलीजवळच्या बाकावर बसला, ताटली गुडघ्यावर घेतली आणि टाइलकडं बघत म्हणाला, "ओलेने, तू सांगायचीस तसं मीठ बेताचंच आहे, काळजी करू नकोस."

मग त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.